रहस्यपट, वजनात कमी

टेलरबाई: हात हलवू नका हो. सुई टोचली तर परत ओरडाल, आणि मॅनेजर म्हणेल मीच मारलं.

निरीक्षक: हात मी हलवत नाहीये. तुमची सुई तिरकी येतेय.

टेलरबाई: सव्वीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवतेय मी. सुई तिरकी येत नाही. शर्ट काढून दिला असतात तर एव्हाना बाही जोडून झाली असती.

निरीक्षक: परक्या बाईसमोर, परक्याच्या केबिनमध्ये बनियनवर बसू? आधीच तो मॅनेजर मला गुंड समजतोय. आणि मुळात बाही फाडली कोणी?

टेलरबाई: फाडली नाही, ओढली. तुम्हाला खाली बसवायला. ती शिवणीवर उसवली. ज्यानं शिवला त्यानं आत माया सोडलेलीच नाही. बोटभर तरी कापड आत सोडतात शिवणीत.

निरीक्षक: तयार शर्ट आहे.

टेलरबाई: मग तयार करणाऱ्याला धरा, मला कशाला बोलता? अख्खं थिएटर श्वास रोखून बसलंय, पडद्यावर शेवटचा सीन, आणि माझ्या पुढच्याच खुर्चीवरून हे ताडकन उभे!

निरीक्षक: मी तक्रार नोंदवली.

टेलरबाई: पडद्याकडे?

निरीक्षक: चौतीस वर्षं वजनमापं तपासली मी. निरीक्षक होतो. दुकानात शिरायचं, तराजू बघायचा, वजनं उलटी करून बघायची. किलो म्हणून विकलंस तर किलो भरलं पाहिजे. बाहेर पोस्टरवर काय लिहिलंय? ‘थरारक रहस्यपट’. मग रहस्य कुठाय? पहिल्या दहा मिनिटांत आपल्या डोळ्यांसमोर पोस्टातला कारकून माणूस मारतो. पुढचे दोन तास तो कारकून रोज संध्याकाळी बसथांब्यावर जातो आणि मेलेल्याच्या भावाशेजारी बसतो. भाऊ बिचारा मांडीवर डबा घेऊन वाट बघतोय, धाकटा आज येईल, उद्या येईल. कारकून काही सांगत नाही. शेवटी बस येते, कारकून चढतो, भाऊ बाकावरच. संपलं! हे वजनात कमी आहे.

टेलरबाई: मला तर जड झालं. पहिल्या दिवशी घरी जाऊन घास उतरला नाही.

निरीक्षक: पहिल्या दिवशी? म्हणजे आज पुन्हा आलात?

टेलरबाई: तिसऱ्यांदा. दुपारी दुकान बंदच असतं माझं. आणि तुम्ही?

निरीक्षक: आठव्यांदा.

टेलरबाई: वजनात कमी म्हणून आठदा मोजलंत?

निरीक्षक: तपासणी एकदा करून भागत नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रांगेत बसून बघावं लागतं.

टेलरबाई: काय निघालं मग तपासणीत?

निरीक्षक: लोक वेडे झालेत. पहिल्या दिवशी मध्यंतरात एकजण छातीठोक सांगत होता, भाऊ म्हणजे पोलीस आहे, शेवटी डब्यातून बेड्या काढणार. दुसरा म्हणाला, छे, भाऊ म्हणजे तो मेलेलाच, दाढी लावून बसलाय. परवा एका मुलीनं बसच्या ड्रायव्हरवर बोट ठेवलं. ड्रायव्हर पडद्यावर अर्धा मिनिटही दिसत नाही!

टेलरबाई: माझी नणंद आली होती गेल्या वेळी. तिनं तर बाहेरच्या पॉपकॉर्नवाल्यावर संशय घेतला. म्हणे, याला मी आत्ता पडद्यावर बघितलं.

निरीक्षक: बघा! आणि ही सवय कोणी लावली? या दिग्दर्शकानंच ना? आधीच्या तिन्ही सिनेमांत शेवटी फिरकी. पहिल्यात फिर्यादीच खुनी. दुसऱ्यात चार भाडेकरू म्हणजे एकच माणूस. तिसऱ्यात पुरला एक, मेला दुसराच.

टेलरबाई: तिसरा नाही आवडला मला. शेवटी नुसती गाठच गाठ. कापड कुठाय ते दिसेना.

निरीक्षक: पण लोक खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते त्याला! आता? मी खेळ सुटला की दाराशी थांबून ऐकतो. दहांतले चार म्हणतात, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिघं म्हणतात, असा सिनेमा झाला नाही. दोघं नवरा-बायको असतात, ते भांडत भांडत जातात.

टेलरबाई: आणि दहावा?

निरीक्षक: त्याला जागं करावं लागतं.

टेलरबाई: कमाल आहे. एवढी काळजी तर त्या दिग्दर्शकाच्या घरचेही करत नसतील. बरं, तुमच्या घरून कोण येतंय? मॅनेजरनं फोन लावला होता ना?

निरीक्षक: मुलगा. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला म्हणे घरच्यांच्या सहीवर सोडणार. याच्या शाळेत मी असा जायचो सही करायला.

टेलरबाई: काय करतो मुलगा?

निरीक्षक: खाजगी काम आहे त्याचं.

मुलगा: बाबा! लागलंय का कुठे?

निरीक्षक: नाही. तू गॉगल कशाला लावलायस? इथे आधीच अंधार आहे.

मुलगा: जिन्यात लोक आहेत, बाबा. एकानं मिठी मारली. दुसऱ्यानं त्याचे दोन तास परत मागितले. तिसरा म्हातारा गृहस्थ फार नम्रपणे विचारत होता, शेवटचं रीळ हरवलंय का म्हणून.

टेलरबाई: अगं बाई.

निरीक्षक: दार लाव आधी.

टेलरबाई: अगं बाई गं! हे तर ते, पेपरातल्या फोटोतले. म्हणजे तुम्ही यांचे वडील? आणि मघापासून खुशाल म्हणताय, डोक्यावर परिणाम झालाय?

निरीक्षक: मी नाही. दहांतले चार.

मुलगा: आपण कोण?

टेलरबाई: मी बाही. म्हणजे, बाही फाडली ती मी. फाडली नाही, उसवली. टेलर आहे मी. तुमचा सिनेमा मला इतका, म्हणजे मी तीनदा... थांबा हं, दोरा सुटला.

मुलगा: मॅनेजर म्हणाले, शेवटच्या सीनला कोणीतरी उभं राहून आरडाओरडा केला. मला वाटलं नंबर चुकला असेल. बाबा, पहिल्या दिवशी तर फोनवर म्हणालात, ‘छान आहे’.

निरीक्षक: म्हणालो असेन.

मुलगा: प्रत्येक सिनेमाला तेवढंच म्हणता. ‘छान आहे, जेवलास का?’ आणि मग मला न सांगता इथे येऊन...

टेलरबाई: आज आठवा खेळ.

मुलगा: आठ?

निरीक्षक: बाई, तुम्ही टाके घाला.

मुलगा: नाही बाबा, आज खरं काय ते सांगाच. सकाळपासून निर्मात्याचे अकरा फोन आलेत. लोक चिडलेत, त्यांना फिरकी हवीये. निर्मात्याचा आग्रह, नवा शेवट करून टाक. भाऊ बाकावरून उठतो, कारकुनाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘मला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं.’ परवा चित्रीकरण, शुक्रवारपासून सगळ्या थिएटरांत नवा शेवट. मला आज संध्याकाळच्या आत हो की नाही ते सांगायचंय.

निरीक्षक: वाईट नाही.

मुलगा: काय वाईट नाही?

निरीक्षक: नवा शेवट. तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझा शेवट मला आवडला नाही. झालं? नाही आवडला. माप पूर्ण भरत नाही.

मुलगा: बरं.

टेलरबाई: एवढं तोंड पाडू नका हो. वडीलमाणसं बोलतात असं.

मुलगा: तेच तर, हे बोलत नाहीत. चौथा सिनेमा आहे माझा, आज पहिल्यांदा काहीतरी म्हणाले. जरा सवय होऊ द्या. बाबा, पण ओरडलात काय नेमकं?

निरीक्षक: काय ओरडणार? ‘फसवणूक आहे’ म्हणालो.

टेलरबाई: खोटं.

निरीक्षक: बाई!

टेलरबाई: अगदी खोटं. मी पाठीमागच्याच खुर्चीवर होते. शिलाई मशीनच्या खडखडाटात गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकणारा कान आहे हा. फसवणूक-बिसवणूक काही नाही. बस आली, कारकून चढायला उठला, आणि हे उभे राहून केवढ्यांदा ओरडले, ‘अरे, सांग ना त्याला! सांगून टाक!’

(बाहेर पुढच्या खेळाची घंटा होते.)

मुलगा: आठव्यांदा बघताना, बाबा?

निरीक्षक: मग?

मुलगा: तो सांगत नाही हे सात वेळा बघितलं होतंत ना तुम्ही?

निरीक्षक: म्हणून तर. सात वेळा गप्प बसलो होतो.

टेलरबाई: अहो, मग सिनेमा आवडला की नाही आवडला? एक काय ते ठरवा.

निरीक्षक: आवडायचा प्रश्नच नाही, मला बघवत नाही. तो बाक बघवत नाही.

मुलगा: बसथांब्यावरचा?

निरीक्षक: बसथांब्यावरचा कुठला? हॉस्पिटलचा आहे तो. हिरवा रंग आणि डावीकडची फळी सैल. तुझी आई गेली त्या दिवशी आपण दोघं त्याच्यावर बसलो होतो.

टेलरबाई: मी जरा बाहेर थांबू का?

निरीक्षक: बाही अर्धी आहे. बसा.

मुलगा: मला वाटलं नव्हतं तुम्ही ओळखाल.

निरीक्षक: फळीसुद्धा सैल ठेवलीस, आणि म्हणे ओळखाल असं वाटलं नव्हतं.

मुलगा: बाबा, एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. मी एकोणीस वर्षांचा, काही सुचेना. तुम्ही वर आलात, शेजारी बसलात आणि म्हणालात, ‘आता उतार पडेल बघ.’ आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तासभर, बाबा. मग डॉक्टर स्वतःच बाहेर आले तुम्हाला सांगायला. तो अख्खा तास मी सगळं माहीत असून तुमच्याशेजारी गप्प बसलो होतो. त्या सिनेमातला कारकून म्हणजे मी आहे.

निरीक्षक: मला माहीत होतं.

मुलगा: की कारकून म्हणजे मी?

निरीक्षक: की ती गेली.

मुलगा: काय?

निरीक्षक: औषधांची पिशवी घेऊन जिना चढत होतो. वॉर्डातली नर्स समोरून आली. रोज दोन शब्द बोलायची. त्या दिवशी तिनं पिशवीकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिथेच कळलं. थोडा वेळ जिन्यावर थांबलो, चष्मा पुसला. वर आलो तर तू बाकावर एकटा. मला वाटलं, पोराला अजून ठाऊक नाही. म्हटलं, याला कसं सांगायचं? म्हणून तोंडाला येईल ते बोललो, उतार पडेल. वाटलं, तेवढाच तास याचा बरा जाईल.

मुलगा: म्हणजे तासभर मी तुम्हाला सांभाळत होतो...

निरीक्षक: आणि मी तुला.

टेलरबाई: अहो, ही तर फिरकी झाली!

मुलगा: अं?

टेलरबाई: माफ करा. तोंडातून निसटलं.

निरीक्षक: असू द्या. चूक नाही तुमचं.

मुलगा: तेवीस वर्षं, बाबा! तेवीस वर्षं मी ते उरावर घेऊन फिरतोय. एकदा तरी बोलायचंत!

निरीक्षक: तू बोललास? तू सिनेमा काढलास! दोनशे माणसं कामाला लावलीस, खोटा पाऊस पाडलास, खोटी बस आणलीस. एक वाक्य होतं. आमटी वाढून घेता घेता सांगता आलं असतं.

मुलगा: आणि तुम्ही? आठ वेळा आलात, आठही वेळा गप्प घरी गेलात!

टेलरबाई: आज नाही गेले. आज ओरडले की. तुम्ही दोघं ना, एकाच ताग्यातले आहात. इकडून मोजा की तिकडून.

मुलगा: म्हणजे निर्माता म्हणतोय तोच शेवट खरा निघाला. भावाला सगळं ठाऊक होतं. बाबा, मी सकाळपासून त्याच्याशी भांडतोय की असं कधी होत नाही!

निरीक्षक: होतं. म्हणून पडद्यावर नको.

मुलगा: मघाशी वाईट नाही म्हणालात.

निरीक्षक: मघाशी ते त्या निर्मात्याचं होतं. आता आपलं आहे. तो नट खांद्यावर हात ठेवून गळा काढणार, मागे नगारे वाजणार, लोक शिट्ट्या मारणार. तुझ्या आईच्या त्या तासावर कोणी शिट्ट्या मारलेल्या मला चालणार नाहीत.

मुलगा: पण मग लोकांना कधी कळणारच नाही, की त्या भावाला ठाऊक असेल.

टेलरबाई: मला कळलं की.

मुलगा: कुठे? मी दाखवलंच नाहीये.

टेलरबाई: पहिल्या दोन वेळी नव्हतं कळलं. आज कळलं. तो भाऊ सिनेमाभर बाकाच्या मधोमध ठाण मांडून बसतो. कारकून बिचारा टोकाला कसाबसा टेकतो. पण शेवटच्या संध्याकाळी, कारकून यायच्या आधीच, भाऊ सरकून बसलेला आहे. डबाही पलीकडच्या बाजूला ठेवलाय. शेजारची जागा रिकामी. मला वाटलं, याला कळलंय. कळलंय, आणि तरी जागा करून ठेवलीये.

मुलगा: ते मी लिहिलं नव्हतं.

टेलरबाई: मग कोणी लिहिलं?

मुलगा: कोणीच नाही. नट आपणहून सरकला. मी विचारलं, का सरकलास? तर म्हणाला, काय माहीत, आज सरकावंसं वाटलं. मी ते कापणार होतो. राहून गेलं.

टेलरबाई: बरं झालं राहिलं. शिवणीत माया म्हणतो ना आम्ही, ती हीच. बाहेरून दिसत नाही. ज्याला पुढे लागेल त्याला आतून सापडते.

निरीक्षक: आठ वेळा बघून मला दिसलं नाही.

टेलरबाई: तुम्ही लोकांकडे बघत होतात.

निरीक्षक: फोन वाजतोय तुझा.

मुलगा: तोच आहे. बारावा. हॅलो... हो, ठरलं. नाही... नाही म्हणजे नाही, शेवट आहे तोच राहील... माहीत आहे मला, दहांतले चार. आकडा अगदी पक्का आहे, खात्रीच्या माणसाकडून आलाय... चिडू द्या हो. सवय मीच लावली, चिडायचा हक्क आहे त्यांना... हं... बरं. तसं तर तसं. ठेवतो.

निरीक्षक: काय म्हणाला?

मुलगा: म्हणाला, मग पुढचा सिनेमा दुसऱ्या कोणाकडून करून घेतो.

टेलरबाई: अरेरे.

निरीक्षक: त्याला परत फोन लाव.

मुलगा: बाबा, मी शेवट बदलणार नाही.

निरीक्षक: शेवट बदलू नकोस, पोस्टर बदलायला सांग. ‘थरारक रहस्यपट’ काढ तिथून. माल बरोबर आहे, लेबल चुकीचं लावलंय. चौतीस वर्षांत असे कितीतरी सोडले मी, दंड न करता. नुसतं लेबल बदलायला लावायचं.

मुलगा: मग काय लिहू लेबलवर?

निरीक्षक: ते मला विचारू नकोस, तपासणी हे माझं काम. लिहिणं तुझं.

टेलरबाई: झाली बाही. हात वर करा. आता खाली. पुढे. ओरडताना जसा वर केला होतात तसा करा बघू.

निरीक्षक: ठीक आहे. पक्की वाटतेय.

टेलरबाई: वाटतेय काय, आहे. आता दुसरी बाही फाटेल, ही फाटायची नाही.

मुलगा: मॅनेजरच्या या कागदावर सही इथे करायची ना? ‘माझे वडील यापुढे या चित्रपटगृहात गोंधळ घालणार नाहीत याची मी हमी देतो.’ बाबा, देऊ हमी?

निरीक्षक: देऊ नकोस. उद्या परत यायचंय मला.

मुलगा: अजून कशाला?

निरीक्षक: तो सरकतो कधी, ते बघायला. तूही ये. शेजारी बस.

मुलगा: लोक ओळखतील मला, बाबा.

निरीक्षक: ओळखू देत. विचारलं तर सांग, खाजगी काम आहे.

टेलरबाई: मोठ्या जिन्यानं नका जाऊ, पुन्हा कोणीतरी दोन तास परत मागेल. या बाजूच्या दारानं चला. अगं बाई, इकडेही रांग आहे की! गॉगल लावा, गॉगल लावा.

रांगेतला माणूस: ओ आजोबा, आत्ताच्या खेळाला होतात ना तुम्ही? कसा आहे हो? कोण म्हणतं बघ, कोण म्हणतं बघू नकोस. शेवटी कळतं का, खून कोणी केला ते?

निरीक्षक: ते सुरुवातीलाच कळतं.

रांगेतला माणूस: आँ? मग शेवटी काय आहे?

निरीक्षक: शेवटी दिवे लागतील. लगेच उठू नका.